शंभर कोंबड्यांचं शेड: भिंतीआधी कोंबडीचा दिवस आखा

पहिलं शेड बांधलं तेव्हा कागदावर आधी भिंती काढल्या, मग छप्पर, मग दार. कोंबड्या सगळ्यात शेवटी आल्या. शेड देखणं झालं, गवंडी खूश, मी खूश. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या आणल्या, महिन्याभरात अंड्यावर आल्या आणि अंडी सापडायला लागली खाद्याच्या भांड्याखाली, पोत्यांच्या मागे, ओल्या तुसात. घरटी सोडून सगळीकडे. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, तिला आडोसा कुठं ठेवलायस? भर चौकात बसेल का ती?"

घरटी पूर्वेच्या दारासमोर होती. सकाळी सातचं ऊन सरळ आत घुसायचं, नेमकं अंडी घालायच्या वेळेला. ते शेड मी पुढे निम्मं पाडून पुन्हा उभं केलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे. हिशोब धरलाय १०० कोंबड्यांचा, २० बाय १२ फुटांच्या शेडचा, गादी पद्धतीचा, म्हणजे जमिनीवर तुसाचा थर पसरून त्यावर कोंबड्या मोकळ्या ठेवायचा, आणि बाहेर थोडं मोकळं रान असल्याचा. जात ग्रामप्रिया असो, कावेरी असो की आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), शेडच्या मांडणीत फार फरक पडत नाही.

आधी एक दिवस नुसतं बघा

कुणाच्या तरी कोंबड्या पहाटेपासून अंधार पडेपर्यंत बघा. माझ्या मते शेडच्या नकाशावरचा हा सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

उजाडायच्या सुमाराला ती काठीवरून उतरते, पाणी पिते, खाते. मग जिला अंडं घालायचंय ती अस्वस्थ होते. कोपरे हुंगल्यासारखी फिरते, एका खणात डोकावते, बाहेर येते, दुसऱ्यात डोकावते. शेवटी अंधारी, तिन्ही बाजूंनी बंद जागा निवडून बसते. दुपारी ऊन चढलं की कोरड्या मातीत लोळते, पंख फडफडवून माती पिसांच्या मुळापर्यंत घालते. उवा-पिसवा आणि पिसांवरचं जादा तेल असंच निघतं. मधला सगळा वेळ नखांनी उकरणं. संध्याकाळी पुन्हा पोटभर खाते, कारण अंड्याचं कवच बहुतेक रात्रीच तयार होतं. आणि अंधार पडायच्या आत मिळेल तितक्या उंच जागी चढून बसते. तिचा मूळ वंश रानकोंबडीचा. रात्री जमिनीवर राहिलेली कोंबडी म्हणजे कोल्ह्याची कोंबडी, हे तिच्या रक्तात आहे.

म्हणजे नकाशात पाच जागा हव्यात: चढून बसायची, लपून अंडं घालायची, लोळायची, उकरायची आणि खाण्यापिण्याची. साध्या तारेच्या पिंजऱ्यात यातली शेवटची तेवढी मिळते. आपल्याकडच्या पिंजऱ्यांत एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४०० ते ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो, यावरून काय ते समजा. घरटं नसलेल्या पिंजऱ्यात अंडं घालायच्या आधी कोंबडी येरझाऱ्या घालते, लांबट कण्हल्यासारखा आवाज काढते. युरोपीय संघाने असे बोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. स्वित्झर्लंडने त्याच्याही वीस वर्षं आधी. आपल्या विधी आयोगाचा २६९ वा अहवाल, २०१७ सालचा, याच विषयावर आहे.

तरी पिंजरा काढला की कोंबडी सुखी, असं समजू नका. पिंजऱ्यात विष्ठा खाली पडते, अंडं घरंगळून बाहेर येतं, जंत आणि रक्ती हगवण कमी. मोकळ्या शेडची मांडणी चुकली तर ओली गादी, एकमेकींची पिसं उपटणं, कोपऱ्यात ढीग करून गुदमरून मरणं, हे सगळं पिंजऱ्यापेक्षा वाईट होऊ शकतं. म्हणून पुढचे इंच-फूट मी इतके चघळते आहे.

दिशा, भिंती आणि छप्पर

शेडची लांब बाजू पूर्व-पश्चिम. म्हणजे जाळीच्या मोठ्या बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत घुसत नाही. आखूड भिंती, पूर्वेची आणि पश्चिमेची, वरपर्यंत भरून घ्या. आढ्याखाली झरोका तेवढा ठेवा. दार दक्षिणेला किंवा उत्तरेला.

लांब बाजूंना दीड फुटाचं जोतं-भिंत आणि वर जाळी. वळचण किमान तीन फूट बाहेर काढा. दक्षिणेला वळचण सगळेच काढतात, उत्तरेला विसरतात. मे महिन्याच्या मध्याला पुण्या-फलटणकडे सूर्य डोक्यावरून जातो आणि पुढे जूनभर किंचित उत्तरेकडून. तेव्हा उत्तरेच्या जाळीतूनही ऊन येतं.

बाजूची उंची आठ फूट, आढं अकरा-बारा फुटांवर. आढ्याशी सहा इंचांची फट ठेवून वर पत्र्याची टोपी बसवा. गरम हवा तिथून निघून जाते आणि बाजूंनी थंड हवा आत ओढली जाते. पंख्याआधी हे करा. गवंडी "पाऊस येईल" म्हणून ती फट बुजवायला बघतो. टोपी दोन्हीकडे फूटभर पुढे असली तर येत नाही.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास, त्यामुळे हवा तिशीच्या पुढे गेली की ती चोच उघडून धापा टाकायला लागते. धापा टाकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि कवच पातळ पडतं. एप्रिलमध्ये अंडी हातात फुटायला लागली तर खाद्यवाल्याशी भांडायच्या आधी छपराकडे बघा. फेब्रुवारी संपता संपता पत्र्याला बाहेरून चुना द्या. वर उसाचं पाचट पसरलं तर आणखी फरक पडतो. फक्त जवळपास ठिणगी उडणारी वायर नको.

आता एक गोष्ट, जी माहेर-सासर दोन्हीकडे कोंबड्या पाहिल्यामुळे कळली. सासरी, म्हणजे फलटणच्या कोरड्या उन्हात, जाळीवर ओलं गोणपाट सोडलं की आत लगेच गारवा येतो. विदर्भातही येईल. तेच माहेरी कोकणात केलं तर कोंबड्यांचे हाल वाढतात. तिथली हवा आधीच ओलसर. गोणपाटाचं पाणी उडत नाही, उलट वारा अडतो, आणि दमट हवेत धापा टाकूनही अंग गार होत नाही. कोकणात जाळी मोकळी ठेवा, वारा लागू द्या, पंखा लावा. आणि पश्चिमेकडून येणाऱ्या पावसासाठी त्या बाजूची वळचण चार फूट करा, जोतं दोन फूट उंच घ्या, चिऱ्याचं असेल तर उत्तम.

पश्चिमेला घरटी, पूर्वेला काठ्या

पाडापाडीनंतर सुचलेली ही मांडणी मला अजून बदलावीशी वाटलेली नाही.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, सकाळी थंड असते. कोंबड्या अंडी घालतात सकाळी, बहुतेक अकरा-बाराच्या आत. म्हणून घरटी या भिंतीला. भिंत तापेपर्यंत अंडी गोळा झालेली असतात. पूर्वेची भिंत सकाळी तापते आणि संध्याकाळपर्यंत निवते. म्हणून रात्री बसायच्या काठ्या तिकडे.

घरट्यांचं गणित: पाच कोंबड्यांमागे एक खण, म्हणजे २० खण. दहा-दहाच्या दोन ओळी, १२ फुटांच्या भिंतीत आरामात बसतात. युरोपचा नियम सात कोंबड्यांमागे एक असा आहे. पण सगळ्याजणी एकाच वेळी आणि एकाच आवडत्या खणासाठी भांडतात, म्हणून थोडी सैल मोजणी बरी. खण १२ इंच रुंद, १२ ते १४ खोल, १४ उंच. पुढे चार इंचांची पट्टी, नाहीतर पेंढा आणि अंडं दोन्ही बाहेर येतात. खालची ओळ जमिनीपासून दीड फुटावर, प्रत्येक ओळीपुढे उतरायला एक फळी. वरच्या ओळीचं छप्पर चांगलं उतरतं ठेवा. सपाट ठेवलंत तर रात्री त्यावर बसून घाण करतील. तोंडाला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या लावा. कोंबडी पट्टी बाजूला सारून आत जाते आणि दिसेनाशी होते. हा अंधार नुसता तिच्या समाधानासाठी नाही. अंडं बाहेर पडताना गुदद्वाराची लालसर आतली कातडी क्षणभर दिसते. उजेडात ती दिसली की बाकीच्या तिथे टोचतात, आणि एकदा रक्त दिसलं की ती कोंबडी वाचवणं अवघड.

घरटी तलंगा अंड्यावर यायच्या आधी दोन आठवडे लावा. नंतर नाही. पहिलं अंडं जिथे घातलं तिथेच ती परत परत जाते. जमिनीवर एखादं अंडं दिसलं तर लगेच उचला, तो कोपरा फळी लावून बंद करा. एखाद्या खणात प्लास्टिकचं अंडं ठेवलं तर बाकीच्यांना इशारा मिळतो. संध्याकाळी घरट्यांचं तोंड फळीने बंद करा आणि पहाटे दिवा लागायच्या आधी उघडा.

सुधारित गावरान जातींत मधूनच एखादी खुडूक होते आणि खण अडवून बसते. तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, हवेशीर, उजेडातल्या डालग्यात ठेवा, खाद्य-पाणी नेहमीसारखं द्या. पोटाखाली गारवा लागला की उठते. पाण्यात बुचकळायचा जुना उपाय करू नका.

काठ्यांचं गणित: एका कोंबडीला १५ ते १८ सेंटिमीटर, म्हणजे सहा-सात इंच. १२ फुटी पाच काठ्या म्हणजे ६० फूट. शंभर जणींना पुरतात. पहिली काठी भिंतीपासून आठ इंच सोडून, पुढे दर फुटाला एक. भिंतीकडची साडेतीन फुटांवर, मग सहा-सहा इंच उतरत पुढची दीड फुटावर, जिन्यासारखी.

काठी दोन इंच रुंद, वरून सपाट आणि कडा रंध्याने गोल केलेल्या. बांबू सगळीकडे वापरतात, मीही वापरला. गोल आणि गुळगुळीत असल्यामुळे त्यावर पाय घसरतो, आणि उकललेल्या चिरांत लाल किडे घर करतात. उंची जास्त देण्याचा मोह टाळा. अंडं घालणारी कोंबडी दर अंड्याला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम देते आणि त्यातलं बरंच स्वतःच्या हाडांतून काढते. अशी पोकळ झालेली कोंबडी पाच-सहा फुटांवरून अंधारात उडी मारते तेव्हा छातीचं लांब हाड मोडतं. बाहेरून काही दिसत नाही. तिला उचलून दोन बोटं छातीवरून फिरवा. हाड सरळ लागायला हवं. वाकडं किंवा गाठ आलेलं लागलं तर काठ्यांची मांडणी तपासा.

रात्रभराची सगळी विष्ठा काठ्यांखाली पडते. तिथे लाकडी चौकट करून वर जाळी ठोका, म्हणजे कोंबड्या त्यात उतरत नाहीत आणि ती घाण गादीत मिसळत नाही. दर पंधरवड्याला ओढून काढा, थेट खताच्या खड्ड्यात. गादी कोरडी ठेवायचा यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

तलंगा विकत घेताना एक प्रश्न जरूर विचारा: यांना लहानपणी काठ्या होत्या का? चार आठवड्यांच्या आत चढायला न शिकलेल्या कोंबड्या मोठेपणी खालीच बसून राहतात. तशा मिळाल्याच तर पहिले आठ-दहा दिवस अंधार पडताना हाताने उचलून काठीवर ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण शिकतात.

गादी

खाली फरशी किंवा कोबा, त्यावर भाताचं तूस किंवा शेंगांची टरफलं, सुरुवातीला तीन इंच आणि हळूहळू सहापर्यंत. लाकडाचा भुसा चालतो, पण फार बारीक असेल तर धुरळा होतो.

मूठभर उचलून दाबा. मूठ उघडल्यावर लगेच विस्कटली तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओली. ओली जागा बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्याखाली असते. ती उचलून फेका, खोऱ्याने हलवा, थोडा चुना टाका, आणि भांडं का गळतंय ते बघा.

वासाची परीक्षा सकाळी दार उघडल्या उघडल्या घ्यायची, कारण पाच मिनिटांत आपलं नाक सरावतं. तीही उभ्याने नाही. कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसून. डोळ्यांत झोंबलं तर अमोनिया केव्हाच मर्यादेबाहेर गेलाय, आणि त्या उंचीला कोंबड्या रात्रभर श्वास घेत होत्या.

गादीच्या एका कोरड्या कोपऱ्यात चार बाय तीन फुटांची चौकट करून बारीक वाळू, माती आणि चुलीची राख भरा. पहिल्याच दुपारी तिथे गर्दी होते.

भांडी आणि पाणी

खाद्याच्या गोल भांड्यात एका कोंबडीला चार सेंटिमीटर कडा लागते. १६ इंची भांड्याचा घेर साधारण सव्वाशे सेंटिमीटर, म्हणजे चार भांडी पुरतात. ती एकाच ओळीत न टांगता लांब लांब टांगा. दुबळ्या कोंबडीला दुसरं भांडं गाठता आलं पाहिजे. कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. खाली ठेवलं की उकरून सांडतात. पाण्यासाठी निपल, म्हणजे चोच लावली की थेंब देणारी तोटी, लावत असाल तर दहा जणींमागे एक. शंभर कोंबड्या दिवसाला २५ लिटरच्या आसपास पाणी पितात. उन्हाळ्यात जवळपास दुप्पट. टाकी सावलीत हवी आणि पाइप उन्हातून जाता कामा नये. कोंबडी तहान मारते पण कोमट पाणी पीत नाही, हे मी मे महिन्यात तीन दुपारी वाया घालवून शिकले.

दिवा

डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांचा. अंडी टिकवायची तर घरगुती कळपाला १४ तास उजेड पुरतो, मोठे पोल्ट्रीवाले १६ पर्यंत नेतात. वाढ दर आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. दिवा पहाटे लावा, संध्याकाळी नको. कोंबडीला अंधारात दिसत नाही. रात्री आठला खटका दाबून दिवा घालवला की जी जिथे असेल तिथेच बसते. मग सकाळी कोपऱ्यात ढीग दिसतो. संध्याकाळ नैसर्गिक असली की त्या आपोआप काठीवर जातात. बल्ब मंद आणि सगळीकडे सारखा. घरट्यांवर त्याची तिरीप पडायला नको.

जाळी आणि बाहेरचं रान

कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालचे तीन फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोड दिलेली जाड तारेची जाळी लावा, आणि ती फूटभर जमिनीत पुरा किंवा जोत्यात पक्की करा. वर साधी जाळी चालेल, पण चिमण्या-कावळे शिरणार नाहीत इतकी बारीक.

बाहेर सोडणार असाल तर एका कोंबडीला चार चौरस मीटर, म्हणजे शंभर जणींना चार गुंठे. दक्षिणेच्या भिंतीत १४ इंच उंच आणि १६ इंच रुंद अशा दोन खिडक्या, एकमेकींपासून लांब. एकच ठेवली तर एखादी दांडगट कोंबडी तिथे पहारा करते.

मोकळं मैदान दिलं आणि कोंबड्या दारातच घुटमळतात, ही तक्रार मी खूपदा ऐकली आहे. त्यांना घारीची भीती असते. शेवगा, शेवरी, तूर, केळी, काहीही लावा. दर दहा-बारा पावलांवर आडोसा मिळाला की त्या शेवटच्या बांधापर्यंत जातात. झाडं वाढेपर्यंत चार खुंटांवर पाचटाचे मांडव उभे करा. चार गुंठ्यांचे दोन भाग करून आलटून पालटून वापरा, नाहीतर शेडलगतची जमीन दोन महिन्यांत बोडकी होऊन पहिल्या पावसात चिखल होतो. खाद्य आणि पाणी मात्र कायम आत. बाहेर ठेवलं की रानपाखरं जमतात. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून ही खबरदारी कुणाला समजवायला लागत नाही. आणि साथ असेल तेव्हा खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात. त्या दिवसांत हिरवा लसूणघास किंवा मेथीच्या जुड्या डोक्याच्या उंचीला टांगा. टोचायला काहीतरी मिळालं की एकमेकींची पिसं वाचतात.

कोंबड्या आल्यानंतरचा महिना

आठवड्यातून एकदा अंधार पडल्यावर तासाभराने बॅटरी घेऊन जा. पांढरा उजेड नको. काचेवर लाल कागद बांधा, मग त्या बिथरत नाहीत. तीन गोष्टी बघा. किती जणी खाली बसल्या आहेत? घरघर किंवा शिंक ऐकू येते का? दिवसाच्या कलकलाटात जी कळत नाही ती रात्रीच्या शांततेत कळते. आणि काठीच्या खालच्या बाजूने, जोडाजवळ, पांढरा कागद घासा. कागदावर लाल रेघ उठली तर ते रक्त पिणारे किडे आहेत. दिवसा फटीत लपतात, रात्री कोंबडीवर चढतात. सकाळी कोंबड्या नुसत्या मलूल, तुरे फिकट, अंडी कमी, आणि कारण काही सापडत नाही, असं असेल तेव्हा हा कागद आधी घासा. सापडलेच तर काठ्या उतरवून उकळतं पाणी ओता, कडक उन्हात दोन दिवस वाळवा, चिरा बुजवा आणि मगच परत लावा. म्हणून काठ्या खिळ्याने ठोकू नका, खाचेत बसवा. माझ्या पहिल्या शेडात त्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या.